मागचा आरसा

टकल्या न्हाव्याकडे लोक केस कापायला येतात का? येतात. पण खुर्चीत बसल्यावर एकदा तरी आरशात बघून म्हणतात, "आधी स्वतःचं बघ की रे." हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं आणि बाराव्या वर्षी जाऊन डोकं कापून घेतलं. कबूल आहे. कुणाला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं.

मी धनराज. देवळाली कॅम्पात बाजाराच्या तोंडाशी माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब बाकडं आणि भिंतभर आरसा. चार वर्षांपूर्वी नाशकातल्या एका चकचकीत दवाखान्यात माझ्या डोक्याच्या मागून कातडीची एक पट्टी कापून काढली, तिच्यातले केस सुटे करून पुढे टाळूवर लावले आणि मागची फट शिवून टाकली. केस आले. खोटं कशाला बोलू, झकास आले. भांग पडतो, वाऱ्यावर उडतात. बाजारात कुणी विचारलं की मी सांगायचो, गावाकडचं तेल लावून आले. पण जिथं शिवलं होतं तिथं, या कानापासून त्या कानापर्यंत, खाज सुटली ती आजपर्यंत थांबलेली नाही.

ही खाज साधी नाही. वरची कातडी बधिर आणि खाज आत. बोटानं खाजवलं तर पोचतच नाही. डाव्या कानामागे दोन बोटांवर एक जागा आहे, ती तर सगळ्यात चावरी. गरम पाण्याची वाफ लागली, घाम आला किंवा वस्तरा हातात असताना श्वास रोखून धरला, की ती जागी होते.

आम्हा न्हाव्यांचा तुरटीवर फार जीव. दाढी झाली, लाव तुरटी. कापलं, लाव तुरटी. मीही तेच केलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तुरटीचा खडा ओला करून पट्टीवर घासायचो. महिन्याभरात कातडी कोरडी ठणठणीत होऊन तिला भेगा पडल्या आणि खाजवलं की रक्त यायला लागलं. तृप्तीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, खडा हातातून हिसकून घेतला.

"अहो, डोकं आहे का गढूळ पाण्याचा हंडा?" ती म्हणाली आणि मला नाशिकरोडच्या एका कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी पहिल्यांदा नीट सांगितलं. पट्टी कापताना आतल्या बारीक नसा तुटतात, त्या जुळताना चुकीचे निरोप पाठवत राहतात, तीच ही खाज. लागट नाही, दुसऱ्याला होत नाही. हळूहळू कमी होईल, कदाचित होणारही नाही. तुरटी बंद, नखं बंद, गार ओला रुमाल ठेवायचा. गोळ्याही दिल्या. पण गोळीनं दिवसभर पेंग यायची, आणि माझ्या हातात वस्तरा असतो, वस्तऱ्याखाली लोकांचा गळा असतो. गोळ्या मी तिसऱ्या दिवशी सोडल्या. खाज परवडली.

दुकानात मी कुणासमोर खाजवत नसे. न्हावी डोकं खाजवतो म्हटल्यावर गिऱ्हाईक काय समजणार ते उघड आहे. त्यातून सगळ्यात कठीण वेळ असायची ती गायधनी सर आले की. सर इथल्या शाळेत गणित शिकवतात, तीन वर्षांपासून माझ्याकडे येतात. कपाळावर दाट केस, आणि खुर्चीत टेकले की पहिलं वाक्य ठरलेलं: "मागून फार बारीक नको." का नको, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कंगव्याला पट्टी लागली. माझ्यासारखीच, या कानापासून त्या कानापर्यंत.

आमच्या धंद्यात खुर्चीत दिसलेलं खुर्चीतच राहतं. कुणाचा टोप, कुणाचा कलप, कुणाच्या डोक्यातली लहानपणीची खोक, सगळं आम्ही गिळतो. कटिंग झाली की न्हावी हातातला आरसा मागे धरतो, गिऱ्हाईक समोरच्या आरशात स्वतःचं मागचं डोकं बघतं आणि मान हलवतं. सर मात्र हात वर करायचे. "आरसा नको, धनराज. तुझ्यावर विश्वास आहे."

ते कधी खाजवत नसत. मला वाटायचं, यांचं छान बरं झालंय, खाज काय ती एकट्या माझ्या नशिबाला. म्हणून त्यांच्यामागे उभा राहून मी दात आवळून सोसत राहायचो, चंपी करतानाही पट्टीच्या अलीकडे हात थांबवायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग पुंजाचा गुरुवार आला.

भगूरचा पुंजा टेम्पो चालवतो. एप्रिलातली दुपार, पंखा नुसता गरम हवा फिरवत होता. त्याच्या उजव्या गालाची दाढी झाली होती, डाव्यावर फेस होता, आणि माझ्या डाव्या कानामागे ती जागा अशी पेटली की डोळ्यांपुढे काही दिसेना. मी वस्तरा खाली ठेवला, समोरचा शेपटीचा कंगवा उचलला, शेपटी कानामागे खुपसली आणि खरखरा ओढली. चार क्षण नुसतं सुख. डोळे उघडले तर पुंजा आरशातून माझ्याकडे बघत होता. कंगव्याच्या टोकाला रक्त होतं.

"भाऊ, ते रगत हाय का?"

"काही नाही रे, जरा..."

"तुझ्या डोक्यात नायटा हाय! अन् त्याच हातानं माझं थोबाड धरतो व्हय?" पुंजा उठला आणि गळ्यातल्या कापडासकट, एका गालावर फेस घेऊन, सबंध बाजारातून चालत स्टेशनकडे रहेमानच्या दुकानात गेला. दुसरा गाल त्यानं तिथं करून घेतला. मी त्याला मनातून शिव्या दिल्या, पण खरं सांगू? त्याच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो.

एका गालावर फेस घेतलेला माणूस भर बाजारातून गेला की पुढचं काही सांगावं लागत नाही. रविवारी माझ्या बाकड्यावर एरवी टेकायला जागा नसते. त्या रविवारी दोनच माणसं आली, त्यातला एक सुट्टे मागायला. मी दोन्ही खुर्च्या तीनदा पुसल्या. हे दुकान गेलं तर मला दुसरं काही येत नाही. आणि येत असतं तरी मला दुसरं काही करायचं नव्हतं. भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त राग आला.

सोमवारी कॅम्पातली सगळी सलून बंद. न्हाव्याचे केस न्हावीच कापतो, आणि तेही सोमवारी, शटर अर्धं ओढून. माझे केस ऑपरेशनपासून रहेमानच कापतो. पट्टी माहीत असलेला बाजारातला तो एकटा माणूस. त्या सोमवारी तो आला, कात्री काढली, पण कापेना.

"धनराज, ग्रुपवर ठरलंय," तो म्हणाला. आमच्या सलूनवाल्यांच्या संघटनेचा ग्रुप आहे. "डॉक्टरचा दाखला आण म्हणतात. रविवारपर्यंत. नाही तर दुकान बंद ठेव."

"कोण म्हणतात?"

"सगळे."

"आणि तू काय म्हणालास? तुला तर माहीत आहे काय आहे ते."

"मी गप्प बसलो. तू कुणाला सांगू नको म्हणाला होतास ना." त्यानं कंगवा माझ्या केसांतून फिरवला. "एक बात बोलू का? तुझ्यासारखी पट्टी माझ्याकडे तिघांच्या डोक्यावर आहे."

मी खुर्चीत वळलो. "खाजतं त्यांना?"

"तिघांनाही. कान के पीछे. एक तर मशीन जवळ आणली की डोळ्यांत पाणी आणतो. नाव विचारू नको, मर जाऊंगा पर नाम नहीं बोलूंगा."

नावं मला नकोच होती. तिघं त्याचे, एक मी, आणि सर. एवढ्याशा कॅम्पात पाच डोकी. न्हाव्याचा उकिरडा उकरला की केसच निघणार, तसं हे. आणि त्या दवाखान्यात मी चार वर्षांत तीनदा गेलो होतो. पहिल्यांदा म्हणाले सहा महिने थांबा, मग म्हणाले वर्ष थांबा, तिसऱ्यांदा एक शॅम्पू हातात दिला. दरवेळी एक वाक्य मात्र तेच: "असं सांगणारे तुम्ही पहिलेच."

मंगळवारी मी चौथ्यांदा गेलो. डॉक्टर गोड बोलतात. मी दुकानाची सगळी हकिकत सांगितली आणि म्हणालो, ऑपरेशनच्या व्रणाची खाज आहे, लागट नाही, एवढं लिहून द्या.

"व्रणाची खाज असं नाही लिहिता येणार," ते म्हणाले. "पण तुमचं काम अडणार नाही." त्यांनी काउंटरवरच्या मुलीला सांगून कागद छापून आणला, सही केली, शिक्का मारला. कागदावर लिहिलं होतं की मला कोंडा आहे. साधा कोंडा, संसर्गाचा धोका नाही.

मी कागद हातात धरून बसलो. काम होत होतं. कोंड्याला कोण घाबरतो? ग्रुपवर टाकला की विषय मिटला. माझे केस लावलेले आहेत हेही कुणाला कळलं नसतं. दोन मिनिटं मी खरंच विचार केला, ते लपवत नाही. मग त्या जागेला खाज सुटली.

"डॉक्टर, मी रोज वीस डोकी बघतो," मी म्हणालो. "कोंडा काय असतो ते मला नका शिकवू. आणखी किती जणांना होतंय हे?"

"आमच्या रेकॉर्डला असा एकही पेशंट नाही."

"मग माझं नाव लिहा. एक तर होईल."

"तशी नोंद आम्ही करत नाही."

नोंद करायची नाही आणि मग नोंद नाही म्हणायचं! मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, शॅम्पूची बाटली नेली होती तीही ठेवली, आणि नाशकातल्याच द्वारका चौकातून बस पकडून घरी आलो.

तृप्तीनं सगळं ऐकून घेतलं. "आपल्या डॉक्टरीणबाईंचा कागद आहे की कपाटात. त्यात खरं लिहिलंय."

"त्यात केस लावलेत हेही लिहिलंय. आणि कागद वाचतं कोण? पुंजा वाचणार?"

"मग कागद राहू द्या. डोकं दाखवा."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, तृप्ती."

"मुठीत इंगळी असली तरी झाकूनच धरणार?" ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

शनिवारी मी ग्रुपवर एवढंच टाकलं: "दाखला उद्या सकाळी दहा वाजता माझ्या दुकानात. ज्याला बघायचा त्यानं यावं." आणि रहेमानला फोन केला. रविवार म्हणजे त्याच्याही गर्दीचा दिवस. तो दुकानाला कुलूप लावून स्वतःची मशीन घेऊन आला.

माणसं जमली, जमणारच. केस कापायला कुणी नाही, बघायला सगळे. सलूनवाले चार-पाच, भाजीवाले, दोन रिटायर फौजी, आणि दारातच हाताची घडी घालून पुंजा. गायधनी सरही आले. त्यांचा महिन्याचा रविवार होता. एवढी गर्दी बघून ते परत फिरत होते, पण मागून माणसं आली आणि ते बाकड्याशी अडकले.

मी माझ्या खुर्चीत बसलो. गिऱ्हाइकाच्या जागी. या खुर्चीत तोंड आरशाकडे असतं आणि पाठ रस्त्याकडे, हे इतकी वर्षं मी बघत होतो, पण कळलं त्या दिवशी. रहेमाननं कापड बांधलं.

"मागून झिरो," मी म्हणालो.

"पक्का?"

"मार."

मशीन सुरू झाली. मागचे केस खांद्यावर पडायला लागले आणि आरशात एकेक तोंड बदलत गेलं. कुणी पुढे वाकलं, कुणी तोंड वाकडं केलं, एकजण हसला. रहेमाननं मशीन बंद केली, हातातला आरसा उचलला आणि न्हाव्याच्या सवयीनं मागे धरला. चार वर्षांत मी ती पट्टी पहिल्यांदा पाहिली. पांढरी, चकाकणारी, पेन्सिलीएवढी रुंद, आणि डाव्या टोकाला मीच खाजवून लाल केलेली.

"बघून घ्या," मी आरशातूनच म्हणालो. "नायटा नाही, खरूज नाही, कोंडा तर अजिबात नाही. मला टक्कल होतं. मी मागची कातडी कापून केस पुढे लावून घेतले. शिवलं तिथं चार वर्षं खाजतंय. रक्त आलं ते मी नखांनी आणि कंगव्यानं काढलं, तो माझा गाढवपणा. तो कंगवा फेकलाय. पुंजा, तुझ्यासमोर तसं करायला नको होतं, ते चुकलं. पण बाकी मी कुणाचं काही लागत नाही."

"केस लावले म्हणे!" मागून एक फौजी म्हणाला आणि हशा झाला.

"हसा की. टक्कल होतं तेव्हाही हसत होता, केस आले तरी हसा. माझ्या हाताखाली बसलात तेव्हा कुणाचं काय काय दिसलं ते मी कधी सांगितलंय का?"

हशा थांबला. पुंजानं हाताची घडी सोडली. "म्हंजे हे लागट नाय?"

"तुझ्या टेम्पोला मागं वेल्डिंग केलंय ना? ते शेजारच्या टेम्पोला लागलं का कधी?"

"नाय बा."

तरी कुणी जागचं हलेना. दोघं-तिघं हळूच निघून गेले. मला आरशात सगळं दिसत होतं, आणि मनात म्हटलं, झालं, एवढं करूनही गेलं दुकान. तेवढ्यात आरशात बाकड्यापाशी एक हात वर गेला. गायधनी सरांचा. तो त्यांच्या डाव्या कानामागे गेला, दोन बोटांवर, बरोबर त्या जागी, आणि खाजवायला लागला. त्यांनी वर बघितलं. आरशात आमची नजर भेटली. मला वाटलं ते हात खाली घेतील. त्यांनी घेतला नाही.

मी खुर्चीतून उठलो. सर पुढे आले आणि माझ्या जागी बसले. सगळा बाजार बघत होता.

"मागून..." ते म्हणाले आणि थांबले. मी कापड बांधून वाट बघत राहिलो. "मागून बारीक कर. तुझ्याएवढं."

मी मशीन सावकाश फिरवली. तीच पट्टी उघडी पडली, फक्त थोडी अरुंद. कुणी हसलं नाही. मी माठातल्या पाण्यात रुमाल बुडवला, पिळला आणि पट्टीवर ठेवून तळहातानं दाबून धरला. सरांचे खांदे एकदम खाली आले. असे ते माझ्या खुर्चीत तीन वर्षांत बसले नव्हते.

"तुला माहीत होतं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, सर."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही आरसा नको म्हणायचात."

"दाखव," ते म्हणाले.

मी मागे आरसा धरला. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

"या एवढ्यासाठी?" त्यांचा आवाज चढला. वर्गात चढत असावा तसा. "तीन वर्षं मी फळ्यावर तिरका उभा राहून लिहितोय, धनराज. पोरांना पाठ दाखवायची नाही म्हणून. माझं अक्षर वाकडं झालं. आणि नाशकातला तो डॉक्टर मला म्हणाला, असं सांगणारे तुम्ही पहिलेच."

"मलाही तेच म्हणाला. त्यांच्या रेकॉर्डला एकही नाही."

"एकही नाही?" सरांनी कापडाखालून हात बाहेर काढला आणि स्वतःच्या मागच्या तुळतुळीत डोक्यावरून फिरवला. "उद्या सोमवार. तुझं दुकान बंद. मी रजा टाकतो. त्या दवाखान्यात जाऊ आणि हजेरी लावून येऊ."

"मी माझ्या तिघांना विचारतो," रहेमान दारातून म्हणाला. "नाव नहीं बोलूंगा. आले तर स्वतःच्या पायांनी येतील."

सर उठले. मी कापड दारात नेऊन झटकलं. त्यांचे आणि माझे केस एकत्रच बाहेर पडले. आत आलो, खुर्ची पुसली आणि रोजच्यासारखा आवाज दिला, "पुढचा."

बाकड्यावरून कुणी उठलं नाही. मी वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं आणि वाट बघत उभा राहिलो. डाव्या कानामागे खाजत होतं. मी सगळ्यांच्या देखत गार रुमाल घेतला आणि तिथं दाबून धरला.

पुंजा दारातून आत आला, खुर्चीत बसला आणि त्यानं आपला डावा गाल पुढे केला.